पायपेटी

व्हर्ना टटलच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं बुधवारी, परसात कपडे वाळत घालताना. डाव्या पायातला जोडा गळून मागे पडला आणि ती तशीच चार पावलं पुढे गेली. पायाला पत्ताच नाही! वळून तो जोडा पाहिला आणि बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण असे बधिर पाय कुणाचे होतात, हे सँडी क्रीक गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. दहा वर्षं देशभर दारूबंदी. दारू मिळेना, म्हणून लोक औषधाच्या दुकानातून आल्याचा अर्क आणून ढोसायचे. त्यात आलं नावाला, बाकी दारूच. त्या वसंतात कुण्या मेल्याने त्यात भलतंच काहीतरी कालवलं आणि पिणाऱ्यांची पावलं घोट्यापासून लोंबायला लागली. गुडघा उंच उचलायचा, पाऊल आपटायचं. थप्, थप्. गाव त्याला 'आल्याची चाल' म्हणायचं आणि तोंडाला पदर लावावा तसा हातरुमाल लावून हसायचं.

आणि व्हर्ना? तिने जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता. दारूबंदीच्या शपथेवर गावातली पहिली सही तिची. चर्चमध्ये एकोणीस वर्षं पायपेटी वाजवत होती. फक्त पोट बिघडलं, की आईने शिकवल्याप्रमाणे गरम पाण्यात आल्याचा अर्क घ्यायची. गेल्या पंधरवड्यात पोट फारच बिघडलं होतं. जवळजवळ अख्खी बाटली संपली. ती चाल पिणाऱ्यांची; औषधाला कोण दारू म्हणतं हो?

गुरुवारी पोटऱ्या ठणकल्या. शुक्रवारी उजव्या पायाचा अंगठाही हलेना. तिने तो हाताने उचलला, सोडला. मेल्यासारखा खाली पडला.

"डॉक्टरला बोलावू?" नवऱ्याने, हार्लनने विचारलं.

"खबरदार! डॉक्टरची बायको चर्चमध्ये माझ्या मागच्याच बाकावर बसते."

"मग रविवारी अंगात कणकण आहे म्हणून सांग."

"एकोणीस वर्षांत एक रविवार चुकवला नाही मी. आत्ताच चुकवला तर काय म्हणतील? तेच म्हणतील!"

महिन्यापूर्वी गायकांमधला ऑर्व्हिल पिकेट असाच थप् थप् करत चर्चमध्ये आला होता. "पोटासाठी घेतलं होतं, बाई," असं काकुळतीला येऊन म्हणाला. तेव्हा भर चर्चमध्ये कुणी विचारलं, "पोटासाठी की घशासाठी?" व्हर्नानेच! सगळे खो खो हसले. तेव्हापासून ऑर्व्हिल बाहेर पायरीवर बसून ऐकायचा, आत त्याची खुर्ची रिकामी. शुक्रवारपासून व्हर्नाच्या कानात तो एकच प्रश्न घुमत होता, आणि तोही तिच्याच आवाजात.

रविवारी हार्लनने तिला सगळ्यांच्या आधी मागच्या दाराने आणून पेटीशी बसवलं. लोक जमले, पाळकांनी मान हलवून सुरू करायची खूण केली. व्हर्नाने मांड्यांचा सगळा जोर लावून पायपट्ट्या दाबल्या. पहिलं कडवं कसंबसं निघालं. दुसऱ्याला घामाने डोळे भरले. तिसऱ्याला पावलं पट्ट्यांवरून घसरली, भात्यातली हवा संपली आणि पेटी कण्हत कण्हत गप्प झाली. गाणारेही गप्प. सगळ्यांच्या माना वळल्या.

"पोटासाठी घेतलं होतं," व्हर्ना पुटपुटली.

"पोटासाठी की घशासाठी?" मागून कुणीतरी म्हणालं. फार मोठ्याने नाही, पण ऐकू गेलं सगळ्यांना.

हशा पिकला. हार्लन मांडीवरच्या टोपीकडे बघत बसला. व्हर्ना उठली आणि बाक धरत धरत मधल्या वाटेने निघाली. थप्. थप्. दारापर्यंतची ती वाट तिला आजवर कधी एवढी लांब वाटली नव्हती.

बाहेर पायरीवर ऑर्व्हिल होताच. काठ्या बाजूला सारून त्याने तिला जागा केली.

"ऑर्व्हिल, तुझंही पोटासाठीच होतं ना रे?"

"छे हो. प्यायलाच घेतलं होतं मी. खोटं बोललो तेव्हा." त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "तुमचं मात्र पोटासाठीच, बाई. मला काय ठाऊक नाही होय?"

व्हर्नाला हुंदका फुटला. "पाय परत येतात का रे?"

आत पेटीशिवायच गाणं सुरू झालं होतं. ऑर्व्हिलने आपला पाय दोन्ही हातांनी उचलून खालच्या पायरीवर नीट ठेवला.

"माझे नाही आले अजून," तो म्हणाला.