माफ झालेल्या फीची पावती

गोजरबाई भाजी तोलून झाली की ती लगेच गिऱ्हाइकाच्या पिशवीत ओतत नसे. वजनाच्या पारड्यात भाजी आणि भाजीच्या पारड्यात वजन घालून ती तागडी पुन्हा उचलायची. काटा मधोमध राहिला की म्हणायची, "बगितलं? आता घ्या." आमच्या बाजारात ही जुनी रीत होती. पारड्याखाली लाखेचा गोळा चिकटवून तोळा-दोन तोळे मारणारे विक्रेते असत, म्हणून कोणीही गिऱ्हाईक 'पारडी फिरव' म्हणू शकत असे आणि विक्रेत्याला ती फिरवावी लागत. फरक इतकाच की बाकीचे म्हटल्यावर फिरवत आणि गोजरबाई न म्हणता फिरवायची. त्यामुळे तिच्याकडे वेळ लागे, पण वेळ लागतो म्हणून तिला सोडून गेलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

गाव लहान, पण नगरपालिका असलेलं. राहुरीची एसटी तासाभरात पोचायची. गोजरबाईची वस्ती गावापासून दीड कोसावर. नवरा मच्छिंद्र विहिरीच्या पाण्यावर वांगी आणि गवार काढायचा आणि ती सोमवारच्या बाजारात विकायची. बाजारतळावर दगडी ओट्यांची रांग होती. त्यातला निंबाखालचा तिसरा ओटा एकोणीस वर्षं तिचा होता. सकाळी अकरापासून तिथे सावली येई, ती माल संपेपर्यंत टिके. उन्हात बसणाऱ्या बायांची मेथी दुपारी मान टाकायची तेव्हा गोजरबाईची गवार अजून टवटवीत असायची. तिचं घर त्या सावलीवर चालत होतं असं म्हटलं तरी चालेल.

उंचीने ती ठेंगणी. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली होती की डोळे समद्यांचेच चांगले असत्यात.

चौऱ्याहत्तर साली आमच्याकडे नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडायचा ठरला. त्याआधी नगरसेवक आपसात ठरवत आणि आम्हाला निकाल कळे. आता उमेदवार दारात येऊ लागले. दोघेच होते. एक आडत दुकानाचे राधाकृष्णशेठ, दुसरे श्रीमंतराव वकील. शेठ म्हणाले, निवडून आलो की पहिल्याच सभेत बाजार-फी माफ, वर ओट्यांवर पत्र्याचं छप्पर. वकिलांनी घरपट्टी निम्मी करायचं आणि दोन्ही वेळ नळाला पाणी द्यायचं वचन दिलं. बाजारातल्या बाया शेठवर खूश झाल्या, घरपट्टी भरणारे घरवाले वकिलांवर.

गोजरबाई कोणावरच खूश नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात नगरपालिकेकडे झाडूवाल्यांना द्यायला पैसे नव्हते. चार महिने बाजारतळ झाडलाच गेला नाही. सडक्या पाल्यावर माशा घोंगावत आणि शेजारच्या ओट्यावरच्या बायडाबाईची नात त्याच दिवसांत जुलाबाने गेली. तेव्हापासून गोजरबाईच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की झाडू फुकट चालत नाही.

एका शनिवारी ती माझ्याकडे आली. मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होतो. तिने काही आडवळण घेतलं नाही. नगरपालिकेचा वर्षाचा हिशेब कुठे असतो, तो कोणालाही बघता येतो का, आणि येत असेल तर मी तो तिला वाचून दाखवीन का, एवढं विचारलं. बघता येतो, हे मला माहीत होतं. आजवर कोणी बघायला गेलं नव्हतं, हेही माहीत होतं.

आम्ही तसेच नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. कारकुनाने आधी तिच्या डोक्यावरच्या वांग्यांच्या पाटीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. साहेब नाहीत, सोमवारी या, असं काहीतरी तो म्हणू लागला. गोजरबाईने पदराच्या गाठीतून बाजार-फीच्या पावत्यांची गड्डी काढून टेबलावर ठेवली. एकोणीस वर्षांतल्या जेवढ्या उंदरांनी सोडल्या होत्या तेवढ्या. कारकुनाने अंदाजपत्रक काढून दिलं.

आम्ही कचेरीच्या पायरीवर बसलो. मी आकडे वाचायला लागलो तसं तिने मला थांबवलं. एवढे आकडे तिच्या डोक्यात राहणार नव्हते. तिने पाटीतून तागडी काढली. एका पारड्यात जमा, दुसऱ्यात खर्च, हजार रुपयांना पन्नास ग्रॅम, असं तिने ठरवलं. जमेकडे वजनं, खर्चाकडे वांगी. मी घरपट्टी सांगितली, तिने वजन टाकलं. सरकारी अनुदान, बाजार-फी, टाकलं. मग पगार, पाणी, दिवाबत्ती, झाडलोट, एकेक वांगं निवडून. काटा मधोमध आला. मला बरं वाटलं. हिशेब जुळला की शिक्षकाला बरं वाटतंच.

ती मात्र काट्याकडे संशयाने बघत राहिली. "गुरुजी, ही घरपट्टी आलेली का येनार हाय म्हनत्यात ती?"

मी पुन्हा पाहिलं. मी अंदाजाच्या रकान्यातला आकडा वाचला होता. शेजारीच गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम होती, ती बरीच कमी होती. तीस वर्षं मुलांना 'रकाना बघून वाचा' म्हणणाऱ्या माणसाची ही चूक.

"अंदाज म्हंजी वावरात उभी असलेली वांगी," ती म्हणाली. "पारड्यात किती पडली ते सांगा." तिने घरपट्टीची वजनं कमी केली. वांग्यांचं पारडं खाली गेलं. म्हणजे कोणी काही वचन द्यायच्या आधीच नगरपालिका झुकलेली होती.

ही गोष्ट दोन दिवसांत गावात पसरली. सोमवारी फी गोळा करणारा गहिनीनाथ तिच्या ओट्याशी थांबला. नोकरी नगरपालिकेची असली तरी निवडणुकीत तो शेठचं काम करत होता. त्याने तिला गोडीतच सांगितलं, की निवडणुकीनंतर ओट्यांची नव्याने वाटणी आहे. तोंड चालवणाऱ्यांना गटाराकडची जागा मिळेल. तिथे दिवसभर ऊन असतं.

घरी मच्छिंद्रनेही तेच म्हटलं. एवढं कशाला, कोणीही आलं तरी आपली वांगीच विकायची आहेत. गोजरबाईने मला हे सांगितलं तेव्हा ती नवऱ्याला दोष देत नव्हती. त्याचं खरं आहे, म्हणाली. सावली गेली तर निम्मा माल दर सोमवारी जनावरांपुढे टाकावा लागेल. मी विचारलं, मग काय करणार. ती म्हणाली, "गप बसले आन् निस्ती तागडी फिरवत ऱ्हायले, तर गिऱ्हाइकाला काय दावू? आदी हात खरा पायजे."

शेवटच्या सोमवारी दोघांच्याही सभा बाजारतळावर होत्या. चारला वकिलांची, पाचला शेठची. वकिलांची लांबली. ते खाली उतरत असतानाच शेठ हार घालून वर चढले. दोघे पायरीवर समोरासमोर आले आणि नमस्कार करून हसले. त्याच वेळी गोजरबाई तागडी घेऊन पुढे आली, एका पारड्यात जमेची वजनं आणि दुसऱ्यात खर्चाची वांगी. गर्दीने वाट दिली. बऱ्याच जणांना काहीतरी होणार हे कळलं होतं.

तिने भाषण केलं नाही. एवढंच म्हणाली, की दोघांनी आपापला माल दाखवला, आता बाजाराच्या रीतीने पारडी फिरवू. शेठनी वकिलांचं वचन तोलावं, वकिलांनी शेठचं.

शेठना ही कल्पना आवडली. त्यांनी माइक धरला आणि पाच मिनिटांत घरपट्टी निम्मी केली तर काय होईल ते मांडलं. दिवे बंद पडतील, पाण्याचं इंजीन थांबेल, किती रुपयांची तूट येईल, सगळं तोंडपाठ. गोजरबाईने जमेतून तेवढं वजन काढून घेतलं. वांग्यांचं पारडं धाडकन आणखी खाली गेलं. शेठचे लोक टाळ्या वाजवायला लागले.

मग वकील. बाजार-फी गेली तर झाडलोटीचे किती पगार थांबतील, छपराच्या पत्र्याला किती लागतील, तेही तितकंच नेमकं. तिने आणखी वजन काढलं. आता वकिलांच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गोजरबाईने तागडी खाली ठेवली. "म्हंजी हिशेब दोगांनाबी येतोय," ती म्हणाली. "निस्ता दुसऱ्याचा."

बाजार हसला. त्या हसण्यात दोन्ही बाजूंचे लोक होते, म्हणून ते थांबवायला कोणी पुढे आलं नाही. मग तिने दोघांना विचारलं, काढलेलं वजन कुठून आणून ठेवणार.

 वकील म्हणाले, घरपट्टी निम्मी होणार नाही, पण ज्यांची थकलीय त्यांच्याकडून वसूल केली तर वाढवणारही नाही. एवढं मी सांगू शकतो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेठ म्हणाले, वरून सरकारकडून आणू.

"शेठ, न आलेलं वजन पारड्यात ठिवता येत न्हाई," गोजरबाई म्हणाली, आणि वांगी पाटीत भरून ओट्यावर जाऊन बसली. दोन गिऱ्हाइकं थांबली होती.

निवडून शेठच आले. फरक फार थोडा होता, असं मोजणीला बसलेले शिक्षक सांगत होते. वकिलांची घरवाल्यांमधलीही काही मतं गेली, खरं बोलल्यामुळे. पहिल्या सभेत फी माफ झाली नाही, दुसऱ्याही नाही. ओट्यांची वाटणी मात्र झाली. गोजरबाईला गटाराकडची जागा मिळाली आणि तिसरा ओटा बायडाबाईच्या नावावर लागला. बायडाबाई रडली. गोजरबाईने तिला बसायला लावलं. सावली वाया घालवायची नसते, म्हणाली.

पहिल्या सोमवारी गहिनीनाथ फी मागायला गटाराकडे गेला. तिने पैसे हातावर ठेवले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माफ झालेल्या फीची पावती द्या."

त्याने पावती फाडून दिली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी बायडाबाईनेही तसंच मागितलं आणि पोळ्यापर्यंत अख्खी रांग तसं म्हणू लागली. गहिनीनाथ पावती-पुस्तक घेऊन तळावर आला की आधी हसू सुरू होई. राधाकृष्णशेठ सोमवारी बाजाराच्या रस्त्याने जायचे बंद झाले, आडतीला मागच्या गल्लीने जात.

पावसाळा संपला तेव्हा मी तिच्याकडे गवार घेत होतो. तिने डोक्यावर ओलं फडकं घेतलं होतं आणि भाजीवर दुसरं. माल निम्म्याहून कमी आणत असे आता. उरलेला माल मच्छिंद्र सकाळीच हॉटेलवाल्यांना सायकलवर पोचवायचा. गहिनीनाथ आला आणि माझ्यासमोरच, आवाज खाली घेऊन बोलला. शेठचा निरोप होता. बायडाबाईला चौथा ओटा देतो, तिसरा मोकळा करून देतो. आजच बस. फक्त ते पावतीचं बोलणं सोड.

गोजरबाईने निंबाकडे पाहिलं. मी तिच्या हातांकडे पाहिलं. त्यांत तागडी होती, एका पारड्यात माझी गवार. तिने ती वजनाच्या पारड्यात घातली, वजन गवारीच्या, आणि पुन्हा उचलून काटा मधोमध येईपर्यंत थांबली. मग गवार माझ्या पिशवीत ओतली आणि कमरेची पिशवी सोडून फीचे पैसे काढले.

"माफ झालेल्या फीची पावती द्या," ती म्हणाली. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.