ललितभाऊंनी बसवलेले डोळे

लिंबायतच्या ललितभाऊ सोनवणेंचा धंदा मेलेल्यांचे डोळे उघडायचा. जिवंतपणी कुणी धड फोटो काढून घेईल तर शपथ! मग हार घालायची वेळ आली की घरचे लोक तिरडीवरचा, डोळे मिटलेला फोटो घेऊन त्यांच्या स्टुडिओत येतात. भाऊ कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्याला स्वतःच्याच फोटोतले डोळे बसवतात. पंधरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

परवा इंग्लंडहून काम आलं. एका नामवंत अर्थतज्ज्ञाचे, त्याच्या खेड्यातले शंभर वर्षांपूर्वीचे बारा फोटो. नुसते डाग पुसायचे होते. पहिल्या फोटोत त्याच्या शेजारी एक म्हातारा मेंढपाळ डोळे मिटून उभा होता. सवयीने भाऊंनी त्यालाही डोळे बसवून दिले.

उलट निरोप आला, की तो मेंढपाळ जन्मांध होता, डोळे काढा.

स्वतःवरच चरफडत भाऊंनी डोळे काढले आणि उरलेले फोटो उघडले. त्यांना अजून हातही लावला नव्हता. चर्चच्या दारात, गवताच्या गंजीपाशी, प्रत्येक फोटोत अर्थतज्ज्ञामागे तो मेंढपाळ उभा होता, आणि भाऊंच्याच डोळ्यांनी भाऊंकडे बघत होता.

भाऊंनी घाबरून डोळे मिटले. अंधार झालाच नाही. समोर मेंढरं चरत होती.