कुंकू लावलेला जस्ताचा पत्रा

ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, माफी असावी. अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालावी तसं. चौथीनंतर टाकापेक्षा लाटणंच जास्त धरलं. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून धीर करते.

धातूचं घर सोडायला इलेक्ट्रॉनाला, म्हणजे विजेच्या बारीक कणाला, किती जोर लागतो हे मोजण्यात आमच्या ह्यांचा जन्म गेला. मला माहेरी कोरीटला जायला किती जोर लागतो, ते कधी मोजलं नाही.

ह्यांना संशोधनासाठी बंगलोरला जायचं होतं. पैसे सासऱ्यांच्या हातात. ते म्हणाले, "पैसा वावरमा टाका तं मिरची तरी येस. तुन्हं काय निंघस ते दखाड."

दाखवायचं म्हणून ह्यांनी अंगणात बाटली मांडली. बुचातून तार, तारेला आत सोन्याचा वर्ख, वर जस्ताचा पत्रा. लाखेची कांडी घोंगडीवर घासून पत्र्याला लावली की वर्ख उभा राही. पत्र्यावर ऊन पडलं की कण निसटतात आणि वर्ख खाली येतो, असं ह्यांचं म्हणणं.

सासूबाईंनी अडवलं. "नवी वस्तू शे. आधी पूजा, मंग तुन्हं शास्त्र." नवा नांगर आला तरी त्यांची हीच रीत. पत्र्याला तेल चोपडलं, वर हळद-कुंकू.

ऊन पडलं तरी वर्ख ढिम्म उभाच. सासरे घामाघूम.

"निंघनं का रे काही?"

"थांबा, आबा."

"थांबीसन मन्हाच जीव निंघी!" म्हणत ते जेवायला बसले.

हे डोकं धरून बसले. मी भांडी घासत होते. तो तेलकट पत्रा मला बघवेना. उचलला, रेतीने लख्ख घासला आणि परत बसवला. सासूबाई ओरडल्या, "कुंकू पुसं का वं तू? धनी जित्ता शे ना!"

धनी कांडी घासत होते. या खेपेला वर्ख हळूहळू उतरला. सावलीत नेला तर जागचा हलेना. सासऱ्यांनी उष्ट्या हातानेच येऊन तीनदा करायला लावलं.

"उसना पैसा देसू," ते म्हणाले. "फुकट नही."

पुढे बंगलोरला हे काचेच्या नळीतली हवा काढून तारा तापवत बसले. मळक्या धातूतून कण धड निघत नाहीत, म्हणून निम्मी नोकरी धातू स्वच्छ करण्यातच गेली. त्यावर निबंध छापून आला. त्यात रेतीचा उल्लेख नव्हता, माझा तर नव्हताच.

उसने फेडायला दर महिन्याला ह्यांची सासऱ्यांना मनिऑर्डर येई. शेवटची आली तेव्हा मी गावीच होते. सासऱ्यांनी पोस्टमनला उभं ठेवून नोटा दोनदा मोजल्या आणि मला हाक मारली, "पोरी, लिख तुन्हा धनीले. फिटनं सगळं."