आईचं अर्धं वाक्य

सरांनी माझ्या आईचं वाक्य अर्धंच वाचलं.

महाडला आमच्या कॉलेजात चर्चासत्र होतं. भारतीय राजकीय विचारांच्या परंपरा आणि त्यांचं आजचं महत्त्व. बाहेरगावचे प्राध्यापक आलेले. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, व्यासपीठावर. मी दाराशी, नोंदणीच्या टेबलावर. त्याच विभागात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. पण त्या दिवशी माझं काम पाहुण्यांना फाइल आणि पेन देणं, आणि चहा बघणं.

सरांचा निबंध गावकीवर होता. आपल्या मातीतली लोकशाही, असं त्याचं नाव. देवळात गावाची बैठक भरते, तिथं मतदान होत नाही, एकमत होतं, पाश्चात्त्यांना हे कधी जमलं नाही, असं ते सांगत होते. मग चष्मा लावून वाचलं, "पोलादपूरच्या डोंगरातली एक अशिक्षित बाई मला म्हणाली, गावकीत सगल्यांना इचारतात."

थांबले. सभागृह कौतुकानं हसलं. टाळ्या.

ती बाई त्यांना काहीच म्हणाली नव्हती. मला म्हणाली होती. आमच्या घरात, चुलीपुढे बसून. आणि वाक्य तिथं संपलं नव्हतं.

"गावकीत सगल्यांना इचारतात. फक्त नाय म्हनायचं नाय."

निबंध संपवताना सरांनी माझंही नाव घेतलं. व्यवस्था चोख ठेवल्याबद्दल आभार.

आईनं एकदा नाय म्हटलं होतं. मी तेव्हा सातवीत होते. ग्रामपंचायतीची आमची जागा बायकांसाठी राखीव झाली. गावकीनं मोठ्या घरातल्या सुनेचं नाव ठरवून टाकलं. निवडणूक बिनविरोध करायची होती. आई एसटीनं पोलादपूरला गेली आणि अर्ज भरून आली. वडील मुंबईत वॉचमन होते. तिनं त्यांनाही विचारलं नाही.

गावानं आम्हाला वाळीत टाकलं. गिरणीवाला दळण घेईना. आई विहिरीवर आली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं बोलणं बंद. आई निवडणूक हरली, तरी बंदच.

त्या पावसाळ्यात आजोबा वारले. त्यांचा थोरला मुलगा, माझा काका, शेजारच्याच घरात राहायचा. दार लावून आत बसला. गावातलं कुणी आलं नाही. तिरडीला वडील, महाडहून आलेला मामा आणि आई. चौथा खांदा माझा. माझी उंची पुरत नव्हती. आजोबा माझ्या बाजूला कलत होते आणि मी टाचा उंचावून चिखलातून चालत होते.

वर्षभरानं वडिलांनी देवळात नारळ ठेवून माफी मागितली. आईला न विचारता. गाव पुन्हा बोलायला लागलं. आई मात्र त्या देवळाची पायरी चढली नाही.

अशी मी कॉलेजात आले आणि सर भेटले. ते खाली सावित्रीच्या काठच्या जमीनदार घरातले. पण पहिल्याच वर्षी त्यांनी आमचा वर्ग चवदार तळ्यावर नेला. पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, "राजधर्म वाचा, दंडनीती वाचा, ग्रामस्वराज्य वाचा. पण ज्यांना मनाई होती ती माणसं इथं पाण्यापर्यंत चालत आली. तोसुद्धा विचारच होता." गाव ज्याला आगाऊपणा म्हणत होतं, त्याला हा माणूस विचार म्हणत होता. माझ्या आईला ओळखत नसताना.

त्यांच्यामुळे मी एम.ए. केलं. त्यांच्यामुळेच शिकवायला लागले. गावकीवर मुलाखती घे म्हणाले, तर दोन उन्हाळे मी वाड्यावाड्यांवर चढले. आई बोलायला तयार नव्हती. मीच गळ घातली. शेवटी म्हणाली, "तुजा सर चांगला मानूस हाय ना गो? मग लिव."

मी लिहिलं. वाळीत टाकलेल्या सात घरांची हकिगत लिहिली, तिरडीसुद्धा लिहिली. वही सरांना दिली. त्यांनी सगळी वाचली, हे मला माहीत आहे. समासात त्यांच्या हातच्या खुणा आहेत.

चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. पुढचं का वाचलं नाही, विचारलं. वाळीत टाकणं हा अपवाद आहे, परंपरेचं सार वेगळं असतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मी म्हटलं, ती माझी आई आहे. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतो. तू कॉलेजात आलीस, पण तुझ्या डोक्यातली वाडी काही जात नाही."

माझ्या हातात कपांचा ट्रे होता. मी तो तिथंच खुर्चीवर ठेवला.

पुढच्या सत्रात प्रश्न विचारायला माईक फिरला. मी तो घेतला. वाक्य पुरतं म्हणून दाखवलं. वाळीत म्हणजे काय, ते सांगितलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. सर हसून म्हणाले, "आमची विद्यार्थिनी जरा भावुक आहे."

पुन्हा तेच कौतुकाचं हसू.

"मी विद्यार्थिनी नाही," मी म्हटलं. "वही माझी आहे. वाक्य माझ्या आईचं आहे. ते अर्धं छापायला माझी परवानगी नाही."

शेवटचं कुणाला ऐकू गेलं, माहीत नाही. माईक बंद झाला होता.

पुढच्या सहामाहीत मला तासिका मिळाल्या नाहीत. मग सरांचा फोन. निबंध छापायला जायचा होता. साहित्य त्यांच्यासाठीच गोळा केलं होतं, असं दोन ओळींचं पत्र सही करून दे, तासिकांचं बघू. आवाज तोच, तळ्याच्या पायऱ्यांवरचा. त्याच आवाजात हे ऐकणं मला जास्त लागलं. मी सही करणार नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

आईला सांगणं त्याहून कठीण होतं. ती भात पाखडत होती. सगळं ऐकलं.

"तू दिलंस कशाला त्याला?"

विश्वास सरांनी मोडला, पण तिचे शब्द त्यांच्या हातात मी ठेवले होते. आठ दिवसांनी एका सकाळी चहा देताना म्हणाली, "लिवायचं तर आख्खं लिव. आनि देवलात वाच. गावासमोर."

या देशात विचारांच्या परंपरा पुष्कळ आहेत, असं मी मुलांना शिकवत होते. आज त्यांचा काय उपयोग, असं मुलं विचारायची. मी पुस्तकातलं उत्तर द्यायचे. आता एवढंच सांगेन, की ज्या परंपरेत नाही म्हणणाऱ्याला जागा नाही, तिला कुणी कितीही जुनी लोकशाही म्हणू दे. मी म्हणणार नाही.

शिमग्याच्या आधी गावकी बसेल. बायकांना बोलावणं नसतं. मी बोलावण्याची वाट बघणार नाही. देवळात जाईन, उभी राहीन आणि सातही घरांचं वाचीन. ज्यांनी वाळीत टाकलं ते पुढच्याच रांगेत असतील. पुन्हा टाकायचं तर टाकावं. आता त्याविरुद्ध कायदा आहे. या वेळी आमच्या घरातून नारळ जाणार नाही, पोलीस ठाण्यात तक्रार जाईल. खाली सही माझी असेल. आणि टाकणाऱ्यांची नावं असतील. सगळी.