आत्याचा दाढीवाला बैल

समस्त लहानथोरांस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, माझ्या आत्याच्या बैलाला वशिंड नव्हतं. दाढी मात्र होती. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढं जिवाचा मामला आहे.

निजामाचं राज्य होतं आणि मी विशीत होतो. आमचं गाव सेनगावच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. हा डोंगर म्हणजे सरकारी शिकारगाह. त्यातला बिबट्या सरकारचा, अस्वल सरकारचं, मोर सरकारचे, बोराटीखालचा ससासुद्धा सरकारचा. आम्ही तिथं वाळकी काटकी उचलली तर आम्ही चोर. आणि सरकारची जनावरं खाली उतरून आमची ज्वारी खाऊन गेली तर ते पाहुणे.

अशाच एका पाहुणीचं पिल्लू तुरीत सापडलं होतं. आईला बिबट्यानं नेलेलं, पिल्लू नुकतं जन्मलेलं, पाय चौघडीसारखे दुमडून पडलेलं. आत्यानं ते ओटीत घालून घरी आणलं. आत्याला मूलबाळ नव्हतं, नवरा गेल्यावर ती माहेरी आमच्याकडंच राहत होती. तिनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं, नंतर भाकरीवर, आणि आमची नजर चुकवून गुळावर. ते रोही होतं; नीलगाय म्हणतात तेच. वाढता वाढता घोड्याएवढं झालं. निळसर करडं अंग, चारी पायांत वाळे घातल्यासारखे पांढरे पट्टे, वीतभर शिंगं, आणि गळ्याखाली केसांचा असा झुबका की मौलवीसाहेबांनी बघून दाद द्यावी. आत्या त्याला ‘लेकरू’ म्हणायची. लेकरू रोज गुरांबरोबर चरायला जायचं आणि संध्याकाळी गुरांबरोबर घरी यायचं. गावानं त्याला गुरांतच धरलं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बातमी आली की, शिकारीचे मोठे साहेब उद्या गावात येणार आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, या गावाच्या रानात मोठा नर रोही दिसतो. सरकारचं जनावर घरात बाळगणं हा गुन्हा. म्हणजे रोह्याला गोळी आणि आत्याला चावडी, असा सरळ हिशेब होता.

पाटील घाईघाईनं आमच्या अंगणात आले. “आत्याबाई, त्याला डोंगरात हाकलून द्या.”

“काहून? डोंगरातच तर शिकारी बसनार हाय. आन् मी हाकललं तर ते जाईल व्हय? माझ्या मागंच येतंय ते.”

“मग कोठ्यात कोंडा.”

कोठ्यात कोंडून पाहिलं. लेकरानं दाराला अशी लाथ घातली की बिजागरी शेजारच्या अंगणात सापडली.

आत्यानं ती बिजागरी हातात घेऊन थोडा विचार केला आणि म्हणाली, “उद्या पोळा हाय. समद्या गावाचे बैल सजतेत. माझंबी सजंल.”

“आत्याबाई, बैलाला वशिंड असतंय!”

“घालते.”

आणि तिनं घातलं. खांदेमळणीच्या वेळी सगळ्या बैलांबरोबर लेकराच्या खांद्यांनाही तूप-हळद चोळली, त्याच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं, आणि सकाळी त्याच्या पाठीवर जुन्या गोधडीची गुंडाळी बांधली. वरून झूल. आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारातून आणलेली, आरशांची. आमच्या खऱ्या बैलांच्या नशिबी कधी अशी आली नाही. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, आणि दाढी झाकायला गळ्यात घागरमाळा, त्यावर लाल गोंडे. पायातले पांढरे पट्टे गेरूनं रंगवले. मी लांब जाऊन पाहिलं. बैल काही दिसत नव्हता. लग्नाला उभा राहिलेला उंट दिसत होता.

साहेब आले. उंच, पिकल्या मिशांचे, शेरवानी घातलेले. मागं त्यांचा बंदूकवाला. शाळेत सगळं उर्दूतून शिकलो असल्यानं सरकारी माणूस आला की गाव मला पुढं ढकलायचं. त्या दिवशीही ढकललं. मारुतीच्या देवळापुढं साहेबांना खुर्ची टाकली. समोर रोवलेल्या दोन लाकडी बल्ल्यांना आंब्याच्या पानांचं तोरण ताणून बांधलं होतं. तोरणामागं गावाचे सगळे बैल उभे, आणि मधोमध, दोन थोराड बैलांच्या आड, लेकरू. आत्या हातात पुरणपोळीचं ताट घेऊन त्याच्या तोंडाशी. पोळी संपली की लेकरू मान फिरवायचं, मान फिरली की बाशिंग हलायचं, बाशिंग हललं की पाटलांच्या चेहऱ्याचा रंग उडायचा. म्हणून आत्या त्याला सारखी भरवत होती.

साहेबांची नजर फिरत फिरत नेमकी तिथं थांबली.

“वो कौनसी नस्ल का बैल है?”

“डोंगरी, हुजूर.”

“उसकी पीठ पिछे से इतनी ढली हुई क्यों?”

“पहाड चढ चढके पिछे से उतर गया, हुजूर.”

“अच्छा. हल में कैसा चलता है?”

“आज पोला है, हुजूर. आज कोई बैल हल में नही चलता.”

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं, म्हणून मी ते जरा मोठ्यानं दिलं. तेवढ्यात पाटील माझ्या कानाशी लागले. “अरं, वशिंड सरकून राहिलं! पोटाकडं चाललं! बोलत ऱ्हा सायबाशी!”

“काय बोलू आता?”

“काहीबी! म्हातारा येडा हाय, त्याला काय कळतंय?”

साहेब मिशीवरून हात फिरवत बैलांकडंच बघत होते. मला त्यांची थोडी दयाही आली.

मग पाटील तोरण तोडायला पुढं झाले आणि हलगी कडाडली. लेकरानं आयुष्यात इतक्या जवळून हलगी ऐकली नव्हती. त्यानं कान टवकारले, आत्याच्या ताटातली शेवटची पोळी उचलली आणि उडी मारली. तोरणाखालून नाही. तोरणावरून! झूल पंखासारखी पसरली, आरसे चमकले, घागरमाळा खणखणल्या, आणि वशिंड सुटून साहेबांच्या बुटांवर येऊन पडलं. लेकरू पलीकडं उतरलं आणि तोंडात पोळी धरून तिथंच उभं राहिलं. आत्या मागं राहिली होती ना, मग ते पुढं जाईल कसं?

हलगी थांबली. अख्ख्या पोळ्यात फक्त बैलांच्या घंटा वाजत होत्या.

“हुजूर! ये तो रोही है!” बंदूकवाल्यानं बंदूक खांद्याला लावली.

आत्या तोरणाखालून वाकून धावत गेली आणि नळीपुढं उभी राहिली. हातात ते रिकामं ताट. पदर खांद्यावरून घसरलेला. ती काहीतरी बोलली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही, मला भाषांतर विचारलं नाही. ते हसू लागले. असे हसले की खुर्ची कुरकुरली, टोपी पडली, डोळ्यांना पाणी आलं. हसता हसताच त्यांनी हात पुढं करून बंदुकीची नळी खाली दाबली. मग पायाशी पडलेली गोधडी उचलली, झटकली, नीट घडी केली आणि आत्याच्या ताटात ठेवली.

“घ्या आत्याबाई, तुमचं वशिंड,” साहेब म्हणाले, आमच्यापेक्षा स्वच्छ मराठीत. “आणि पाटील, म्हातारा येडा असला तरी त्याला मराठी बरोबर समजते.”

पाटील तिथंच खाली बसले. मी डोंगरी नस्लीबद्दल जे जे बोललो होतो ते आठवत बल्लीला टेकलो. साहेब पोळी खाऊन गेले, शिकार न करता. जाताना बंदूकवाल्याला सांगून गेले की, झूल घातलेल्या जनावरावर या शिकारगाहात कुणी गोळी चालवायची नाही. तेव्हापासून आत्यानं लेकराला रोज झूल घातली. डोंगराच्या कडेला आरसे चमकले की गाव ओळखायचं, आत्याचा बैल चरून राहिला.

पण ती नळीपुढं उभी राहून काय बोलली ते सांगायचं राहिलं. भीतीनं तिचा आवाज चिरकला होता, तरी सगळ्या पोळ्यानं ऐकलं:

“बैलच हाय जी माझा! पुरण जरा जास्ती झालं त्याला, म्हून उडून राहिला!”