झऱ्याजवळचा हद्दीचा दगड

लोक त्यांना फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांच्या कानावर आलं होतंच. बत्तीस वर्षं मोजणीदाराची नोकरी, अंगकाठी सरळसोट आणि बोलणं मोजूनमापून. टोपणनाव चिकटायला आणखी काय लागतं?

नदीपलीकडच्या टेकडीवरचं खाजगी रान त्यांच्याच हातून वाटलं गेलं. ते नोकरीला लागले तेव्हा त्या रानाला चार मालक होते. कुणाचा बाप गेला की मुलं वाटणीसाठी दारात हजर. मग साखळी, नकाशा, हद्दीचे दगड. ते निवृत्त झाले तोवर एकोणतीस हिस्से झाले होते. काही पट्ट्या इतक्या अरुंद, की झाड एकाचं पडलं तर शेंडा तिसऱ्याकडे.

त्यातली एक पट्टी त्यांची स्वतःची, तिला लागून थोरल्या भावाची. दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांच्या माघारी वाटणी झाली, मोजणी फूटपट्टींनीच केली आणि रानातला एकुलता एक झरा त्यांच्या हिश्श्यात आला. दादांनी सही केली, पेन खाली ठेवलं आणि त्यानंतर धाकट्याच्या घरची पायरी चढले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी रानाला खोडकिडा लागला. लाकूडतोडीचा ठेकेदार पाहून गेला. कीड लागलेली झाडं लगेच काढली नाहीत तर सगळं रान हातचं जाईल, असं त्याचं म्हणणं. पण पट्टीमागे सात-आठ झाडांसाठी तो यंत्र आणणार नव्हता, आणि ओंडके ओढायचे तर वाट दुसऱ्याच्या हिश्श्यातून. मालकी ज्याची त्याची राहू द्या, देखभाल एकत्र करा, मग येतो, असं सांगून तो गेला.

सगळ्यांना गाठणार कोण, यावर फूटपट्टींच्या बायकोने दोन शब्दांत निकाल लावला. "तुकडे तुम्ही केलेत, दारोदारही तुम्हीच फिरा."

ते फिरले. निम्मे मालक दूरच्या शहरांत. एका बाईंना आपल्या नावावर रान आहे याचाच पत्ता नव्हता. एकाला वाटलं, हे काहीतरी विकायला आलेत. दीड महिन्यात अठ्ठावीस सह्या झाल्या. उरली दादांची, आणि रानात शिरायची वाट नेमकी दादांच्या हिश्श्यातून.

दादा सुतार. मागच्या खोलीत दाराच्या फळीवर रंधा मारत होते. वहिनींनी खुर्ची दिली, पाणी ठेवलं आणि आत गेल्या. दादांनी मान वर केली नाही. फूटपट्टींनी कागद पिशवीतच राहू दिला.

"दादा, झऱ्याजवळचा दगड तीन पावलं तुझ्या हद्दीत आहे. मी सरकवला होता."

रंधा थांबला. "माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी मोजून आलो होतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"मोजणीदार तू. सांगायचं तू."

साऱ्या नोकरीत फूटपट्टींनी कुणाची बोटभर जमीन इकडची तिकडे केली नव्हती. केली ती एकदाच, सख्ख्या भावाची. तो झरा हवासा वाटला, यापलीकडे त्यांच्याजवळ कारण नव्हतं. तेवढंच त्यांनी सांगितलं. दादा म्हणाले, दगड जागेवर ने.

"आता देखभाल एकत्रच होणार. दगड कुठेही असला तरी—"

"तरी ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पहार घेऊन गेले. साठी उलटलेली दोन माणसं आणि मातीत रुतलेला दगड, दुपार झाली. झरा दादांकडे गेला. दादांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. पुढच्या आठवड्यात फूटपट्टी जुन्या कचेरीत नकाशा दुरुस्त करायला गेले. दुरुस्तीचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी 'मोजणीतील चूक' असं लिहिलं, मग ते खोडून 'मोजणीदाराची चूक' केलं.

त्या मोसमात ठेकेदाराने दोनशेवर झाडं काढली. खालचा उतार बोडका झाला, वरचं रान वाचलं. दादा आता अधूनमधून धाकट्याकडे येतात. बोडक्या उतारावर कोणती रोपं लावायची, यावर मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही.