मागच्या बाकापर्यंत

गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करणाऱ्या काकूच लग्न होऊन आल्यापासून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटायच्या विधीच्या, मेजावरची पांढरी चादर इस्त्री करायच्या. गेल्या रविवारी चादरीचा कोपरा जरासा करपला आणि चर्चचे पाळकसाहेब सगळ्यांदेखत बोलले, "हात थरथरतात, तर काम सोडायचं ना!"

काकूंच्या ते जिव्हारी लागलं. आजचं प्रभुभोजन घ्यायचं आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवून त्या शेवटच्या बाकावर बसल्या. सून कुजबुजली, "आई, तोंड तरी सरळ ठेवा. लोक म्हणतील, सुनेनं छळलं."

या चर्चमध्ये बायबलातलं शुभवर्तमान दर रविवारी ओळीनं पुढे वाचायची रीत. नको तो भाग गाळायची सोय पाळकालाही नाही. आज नेमकं आलं ते असं, की अर्पण घेऊन आलास आणि भाऊ तुझ्यावर नाराज आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर.

पाळकसाहेबांनी घसा खाकरला, पण पुढची ओळ काही वाचवेना. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट मेजावर तसंच ठेवून ते खाली उतरले आणि सगळ्यांदेखतच काकूंपुढे येऊन उभे राहिले.

"काकू, मी तुमचा अपमान केला. मला क्षमा करा."

देवाचं वचन काकूंनी जन्मभर कानांनी ऐकलं होतं. पण ते एवढ्या मोठ्या माणसाला हाताला धरून मागच्या बाकापर्यंत आणतं, हे आज डोळ्यांनी पाहिलं.

"केली हो, केली," त्या कशाबशा म्हणाल्या. "चला आता, भाकर मोडा. सगळे खोळंबलेत."